डबा, शिफ्ट आणि छातीतली धडधड

खाणं बदललं तर जिवाची घालमेल थांबते का, हा प्रश्न पुण्याजवळच्या सांगवीत सहसा मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचतच नाही. तो येतो गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरकडे, आणि येतो तोही पोटाची तक्रार होऊन. छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, हातापायांना घाम सुटतो, रात्री दचकून जाग येते. अॅसिडिटी असेल का डॉक्टर? ईसीजी काढला जातो, तो नॉर्मल निघतो. पित्ताची गोळी मिळते. घरी आल्यावर शेजारच्या काकू जिऱ्याचं पाणी सुचवतात, मेहुणा गहू बंद करायला सांगतो, मोबाइलवर कुणीतरी केळी आणि बदाम खा म्हणून सांगत असतं. आणि तो माणूस खरोखरच खाणं बदलायला लागतो, कारण नोकरी, कर्जाचा हप्ता आणि मुलांची फी यांतलं काही त्याच्या हातात नसतं. ताट तेवढं असतं.

त्या माणसाला समोर ठेवून ही पुस्तिका तयार झाली आहे. कुठला पदार्थ किती आणि कसा, याचा तपशील पुढच्या पानांत आहे. प्रस्तावनेत मला विषयाचा आवाका दाखवायचा आहे आणि माझं उत्तरही आधीच सांगायचं आहे. शरीरात काही कमी पडत असेल, किंवा खाण्याझोपेचं वेळापत्रक मोडलं असेल, तर ते दुरुस्त केल्यानं मनाला खरी मदत होते. शरीराला सगळं पुरेसं आणि वेळेवर मिळत असेल, तर त्यावर आणखी एखादा पदार्थ वाढवून चिंता जाते, याला पुरावा फार तोकडा आहे. लोक पैसे आणि उमेद खर्च करतात ती बहुतेक या दुसऱ्या गोष्टीवर, आणि पहिली तशीच राहून जाते. त्याची मला मनापासून काळजी वाटते.

अन्नाचा मनाशी संबंध आहे, हे सांगायला आपल्याला कुणी परदेशी शास्त्रज्ञ लागला नाही. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मन अन्नातूनच घडतं असं सांगतो. मुलाला ते पटावं म्हणून तो त्याला पंधरा दिवस उपाशी राहायला लावतो. पाणी मात्र हवं तेवढं प्यायची मुभा देतो. त्यानंतर वेद म्हणून दाखव म्हटल्यावर बारा वर्षं शिकून आलेल्या त्या तरुणाला काहीच आठवत नाही. तो जेवतो, आणि सगळं परत येतं. सात्त्विक आहाराचा महिमा सांगताना या गोष्टीचा दाखला अनेक जण देतात. मला तिच्यात वेगळं दिसतं. उद्दालकानं मुलाला कुठलाही खास पदार्थ खाऊ घातला नाही. आधी उणीव निर्माण केली, मग ती भरून काढली, आणि मनात काय फरक पडतो ते दाखवलं. आजच्या संशोधनातून जे हाती लागतं, ते याच्या फार जवळचं आहे.

मग सांगवीत ही उणीव कुठे आणि कशी तयार होते?

जुनी सांगवी मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या मधल्या जमिनीवर आहे. दापोडीजवळ त्या एकमेकींना मिळतात. नदीकाठी शेती करणारं हे गाव होतं. मुळेपलीकडे खडकीत १८६९ पासून दारूगोळा कारखाना होता. पुढे दापोडीला एसटीचा मध्यवर्ती कारखाना आला, १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि मग भोसरी, आकुर्डी, चाकण असा कारखान्यांचा पट्टा वाढत गेला. हिंजवडीचं आयटी पार्क त्यानंतरचं. या सगळ्यांना जायला मधलं ठिकाण म्हणून नवी सांगवी भरत गेली. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, सातारा, सोलापूर, सगळीकडची माणसं इथं आली आणि आपापली चटणी-भाकरी बरोबर घेऊन आली. भाकरी टिकली, पण ती खायची वेळ टिकली नाही.

एकाच इमारतीत पहाटे पाचला एका घरी फर्स्ट शिफ्टचा डबा भरला जातो. दुसऱ्या घरातला माणूस नाइट करून आठच्या सुमाराला कंपनीच्या बसमधून उतरतो आणि पोहे खाऊन पडदे ओढून झोपतो. तिसऱ्या घरी अमेरिकेच्या घड्याळावर काम करणारी मुलगी रात्री दोनला नूडल्स उकळत असते. अनेक कंपन्यांत शिफ्ट दर आठवड्याला बदलते, म्हणजे शरीराला एका वेळेची सवय लागते न लागते तोच ती मोडते. रविवारी घरच्यांबरोबर दुपारी जेवायचं म्हणून ती आणखी एकदा मोडते.

या मोडण्याचा मनावर काय परिणाम होतो, याचा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी तो २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. १९ निरोगी माणसांना त्यांनी १४ दिवस प्रयोगशाळेत ठेवलं आणि त्यांचं वेळापत्रक रात्रपाळीसारखं उलटं केलं. काही जणांना दिवसा आणि रात्री असं दोन्ही वेळा खायला दिलं, तर बाकीच्यांना रात्री जागं ठेवूनही खाणं मात्र फक्त दिवसाच दिलं. पहिल्या गटात उदासीची पातळी २६ टक्क्यांनी आणि चिंतेची १६ टक्क्यांनी वाढली. फक्त दिवसा खाणाऱ्यांमध्ये तशी वाढ दिसली नाही. माणसं थोडी होती आणि प्रयोगशाळा म्हणजे कारखाना नव्हे, हे मान्य. तरी एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. इथं पदार्थ कुठला, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो कधी खाल्ला याचा.

याचं कारणही समजण्यासारखं आहे. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं. यकृत, स्वादुपिंड, आतडी यांची स्वतःची घड्याळं आहेत, आणि ती बरीचशी जेवणाच्या वेळेवर चालतात. शरीरातल्या घड्याळाची पेशींमधली रचना उलगडल्याबद्दल २०१७ चं वैद्यकाचं नोबेल दिलं गेलं, तेव्हापासून या विषयाला वजन आलं. मेंदू रात्र म्हणतोय आणि पोट दुपार म्हणतंय, अशी स्थिती आठवडेच्या आठवडे राहिली तर झोप, साखर आणि मनःस्थिती तिन्ही बिघडतात.

म्हणून रात्रपाळीला जाणाऱ्याला माझं सांगणं असं की पोटभर जेवण घरून निघण्यापूर्वी, संध्याकाळी शक्य तितक्या लवकर करावं. मध्यरात्रीनंतर कॅन्टीनमधलं पूर्ण ताट टाळावं. भूक लागलीच तर ताक, फुटाणे, एखादं फळ एवढ्यावर भागवावं. सकाळी घरी आल्यावर हलका नाश्ता करून झोपावं. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यानं हे स्वतःच्या मनानं करू नये, डॉक्टरला विचारून जेवणाच्या आणि औषधाच्या वेळा ठरवून घ्याव्यात. कंत्राटी कामगाराला जेवणाची सुटी मिळेल तेव्हाच खावं लागतं, हेही मला ठाऊक आहे. त्याची सोय उपदेशानं होणार नाही. रात्री कॅन्टीनमध्ये भात-रस्सा आणि तळणाऐवजी हलकं काही ठेवणं हे कंपन्यांच्या हातात आहे, आणि सुरक्षा समितीच्या बैठकीत हा विषय घेतला जावा अशी माझी सूचना आहे.

दुसरी गोष्ट चहाची. तिच्याबद्दल बोललं की या पट्ट्यात माणसं नाराज होतात, पण बोलायलाच हवं. शिफ्ट सुरू होताना एक, दोन तासांनी मशीनवर एक, जेवणानंतर एक, सुटल्यावर टपरीवर कटिंग, पाहुणे आले की आणखी एक. एका कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं. कडक उकळला तर जास्त. कॅफिन मेंदूत थकव्याचा निरोप पोचवणाऱ्या अॅडेनोसिनची जागा अडवतं, म्हणून तरतरी येते. त्यातलं निम्मं शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहातला बराच भाग रात्री अकराला अंगात असतो. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१५ मध्ये म्हटलं आहे, पण ज्याला पॅनिकचे झटके येतात त्याची गोष्ट निराळी आहे. २०२२ मध्ये अशा रुग्णांवरचे नऊ प्रयोग एकत्र करून पाहिले गेले. सुमारे पाच कप कॉफीइतकं कॅफिन दिल्यावर त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांना झटका आला. निरोगी माणसांत हे प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली होतं, आणि कॅफिन नसलेलं पेय दिल्यावर एकाही रुग्णाला झटका आला नाही.

चिंतेसाठी आहारात एकच बदल करायचा असेल तर तो दुपारी दोननंतरचा चहा सोडण्याचा करावा, असं मी निःशंकपणे म्हणेन. तो एकदम तोडू नये, डोकं दुखतं. आठवड्याला एकेक कप कमी करावा. चहाबरोबर तंबाखूची चिमूट किंवा सिगारेट असते, तिचाही हिशोब धरावा. निकोटीन घटकाभर शांत करतं आणि हृदयाचे ठोके वाढवून ठेवतं. दारूचंही तेच. रात्री तिनं झोप लागल्यासारखी वाटते, पहाटे तीनला जाग येते, आणि दुसऱ्या दिवशीची हुरहुर आदल्या दिवशीपेक्षा जास्त असते. ती घालवायला पुन्हा ग्लास भरला की चक्र पूर्ण होतं.

आता मी येतो त्या गोष्टीकडे, जी पुण्यानं जगाला दाखवली आणि पुण्याच्याच घराघरांत अजून पुरती पोचली नाही. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गेली अनेक दशकं पुणे परिसरातल्या माणसांचं पोषण तपासत आहेत. त्यांचा गरोदर स्त्रियांचा आणि बाळांचा अभ्यास १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झाला. २००६ मध्ये त्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात खेड्यातले, शहरातल्या झोपडपट्टीतले आणि मध्यमवर्गीय असे तिन्ही प्रकारचे लोक होते. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत जीवनसत्त्व बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होतं. ज्यांच्या घरात अन्नाला तोटा नाही, अशा वर्गात ते सर्वांत जास्त होतं.

बी-१२ फक्त जिवाणू तयार करतात. वनस्पतीत ते नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरेल इतका असू शकतो, म्हणून कमतरता हळूहळू येते आणि ओळखू येत नाही. नसांभोवतीचं आवरण टिकवायला आणि रक्तपेशी घडवायला ते लागतं. ते कमी झालं की पायांना मुंग्या येतात, थकवा येतो, विसरायला होतं, चिडचिड वाढते, मन उदास किंवा अस्वस्थ राहतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाणाऱ्यांत ते आणखी घटतं. धडधडीसाठी अॅसिडिटीची गोळी घेणारा, सुरुवातीला सांगितलेला तो माणूस इथं पुन्हा आठवावा. त्याच्या तक्रारीचं मूळ कदाचित तपासलंच जात नाही, आणि उपाय म्हणून घेतलेली गोळी ते मूळ आणखी खोल नेते.

चिंतेनं त्रासलेल्या प्रत्येकाला बी-१२ कमी असतं, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. आणि ज्याचं बी-१२ पुरेसं आहे त्यानं इंजेक्शनं घेऊन मन शांत होतं, यालाही आधार नाही. पण ज्याचं कमी आहे त्याला ते दिल्यावर पडणारा फरक खरा असतो. तपासणी साधी आहे, औषध स्वस्त आहे. शाकाहारी घरांत रोज दूध-दही पुरेसं घेतल्यानं पातळी सुधारते, हे पुण्यातल्याच एका छोट्या प्रयोगात दिसलं आहे. इथल्या माणसासाठी हा आहारबदल, परदेशातून आलेल्या कुठल्याही बियांपेक्षा, अधिक उपयोगाचा आहे.

बी-१२ च्या जोडीला लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलं की जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. बाई म्हणते मला भीती वाटते. घरचे म्हणतात ती उगाच घाबरते. तिचं हिमोग्लोबिन आठ आहे, हे कुणी पाहिलेलं नसतं. जेवणाबरोबर घेतलेला चहा लोह शोषू देत नाही, आणि उसळीवर पिळलेलं लिंबू ते शोषायला मदत करतं. दोन्ही गोष्टींना खर्च जवळजवळ नाही.

मग उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, श्रावण, नवरात्र. सांगवीतल्या कित्येक बायका हे सगळं करून वर शिफ्टही करतात. श्रद्धेविषयी मला काही बोलायचं नाही. मात्र सकाळपासून नुसता चहा आणि दुपारी वाटीभर साबुदाण्याची खिचडी, यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं. रिकाम्या पोटी शरीर साखर सांभाळण्यासाठी अॅड्रेनलिन सोडतं, आणि त्याची लक्षणं भीतीसारखीच असतात. थरथर, घाम, धडधड. आधीच धास्तावलेल्या माणसाला ती भुकेची आहेत हे ओळखू येत नाही. उपासाला राजगिरा, वरई, शेंगदाण्याची आमटी, दही, ताक हे सगळं चालतं. ते खाल्लं तर व्रतही राहतं आणि जीवही घाबरा होत नाही.

इथवर उणिवा आणि मोडलेल्या वेळा झाल्या. आता मोठा प्रश्न. एकंदर आहारच चांगला केला तर चिंता कमी होते का? ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठाच्या फेलिस जॅका यांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नैराश्य असलेल्या ६७ जणांपैकी काहींना आहारतज्ज्ञानं १२ आठवडे भाज्या, फळं, अख्खी धान्यं, कडधान्यं, सुका मेवा, मासे यांकडे वळवलं. बाकीच्यांना तेवढाच वेळ नुसत्या गप्पांची सोबत दिली. आहार बदललेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले, सोबत मिळालेल्यांपैकी ८ टक्के. चिंतेच्या मोजणीतही सुधारणा दिसली. हा प्रयोग जगभर गाजला. मात्र माणसं कमी होती, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे त्यांना माहीत होतं. आशेचाही परिणाम होतोच.

दोन वर्षांनी जोसेफ फर्थ आणि सहकाऱ्यांनी असे १६ प्रयोग, एकूण ४५,८२६ माणसं, एकत्र तोलून पाहिली. नैराश्य थोडं, पण निश्चित कमी होतं, असं निघालं. चिंतेचं मोजमाप ज्या ११ प्रयोगांत होतं, त्यांत स्पष्ट फायदा दिसला नाही. स्त्रियांवरच्या प्रयोगांत मात्र दोन्ही बाबतींत फरक जास्त होता. आहारानं चिंता बरी होते असं छातीठोकपणे सांगणाऱ्यानं हे निष्कर्ष वाचावेत. आणि आहाराचा काही संबंधच नाही म्हणणाऱ्यानंही वाचावेत.

जॅका यांच्या ताटातलं ऑलिव्ह तेल बाजूला ठेवलं, तर बाकीचं आपल्याला अनोळखी नाही. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, जवसाची किंवा कारळ्याची चटणी, ताक, चालत असेल त्याला आठवड्यातून दोनदा मासे. तो ऑस्ट्रेलियन आहार तिथल्या रुग्णांच्या नेहमीच्या खर्चापेक्षा स्वस्त पडला, असा हिशोबही संशोधकांनी मांडला होता. आपल्याकडेही तो महाग नाही. पण आजीच्या काळी सगळं छान होतं, हा सूर मला मान्य नाही. याज्ञिकांच्या पाहणीत खेड्यातली माणसंही बी-१२ मध्ये कमी पडली होती. जुन्या ताटात जे कमी होतं ते कमीच होतं.

पोटातल्या जिवाणूंबद्दल सध्या फार बोललं जातं. मुळेच्या पलीकडे, पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंचा अभ्यास केला. आपल्याकडे प्रिव्होटेला हा गट ठळकपणे जास्त आढळतो. धान्य आणि भाजीपाला खाणाऱ्या लोकांत तो जास्त असतो. आतडी आणि मेंदू यांच्यात व्हेगस नावाच्या नसेतून सतत संवाद चालतो, हे खरं आहे. शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, हेही खरं. पण ते सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. त्यामुळे अमुक खा, सेरोटोनिन वाढेल, मन शांत होईल, ही साखळी मधेच तुटते. ताक जरूर प्यावं. चिंतेवरचं औषध म्हणून पावडरीचा महागडा डबा घेण्याआधी थांबावं.

आहारबदलानं माणसं बरी होतात, याची उदाहरणं आपल्या जिल्ह्यात जुनी आहेत. १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी उरुळी कांचनला आले, तिथं निसर्गोपचाराचं काम सुरू झालं आणि मणिभाई देसाईंनी ते आयुष्यभर चालवलं. आजही अस्वस्थ, झोप हरवलेली माणसं त्या आश्रमात जातात आणि हलकी होऊन येतात. तिकडे मुळेकाठी स्पायसर संस्था १९४२ पासून पुण्यात आहे. तिथला अॅडव्हेंटिस्ट ख्रिस्ती समाज मांस, चहा, कॉफी टाळतो आणि शनिवारी काम बंद ठेवतो. या दोन्ही ठिकाणी ताटाबरोबर बाकीचंही बदललेलं असतं. वेळेवर झोप, चालणं, चहा-तंबाखू बंद, फोन बाजूला, आजूबाजूला माणसं. श्रेय एकट्या उकडलेल्या भाजीला देणं अन्यायाचं होईल. सांगवीत परतल्यावर भाजी चालू राहते, बाकीचं सुटतं, आणि महिन्याभरात धडधड परत येते, ती यामुळेच.

आणखी एक गोष्ट या विषयावरच्या पुस्तकांत क्वचित लिहिली जाते. 'आहार बदला' हा सल्ला पुरुषाला मिळतो आणि काम त्याच्या बायकोच्या वाट्याला येतं. त्याला भाकरी, मुलांना पोळी, सासूबाईंना मऊ भात, शिवाय तीन जणांचे डबे तीन वेळेला. ती स्वतः उरलेलं खाते, उभ्यानं खाते, कधी खातच नाही. घरातल्या एकाची चिंता कमी करताना दुसरीची वाढत असेल, तर तो उपचार झाला नाही. म्हणून बदल करायचा तो सगळ्या घराच्या ताटात करावा, वेगळा स्वयंपाक नको. भाजी निवडणं आणि उसळीचं भिजत घालणं ज्याला त्रास आहे त्यानं स्वतः करावं. हाताला काम मिळालेला माणूस थोडा शांतही होतो. शिवाय खाण्याचे नियमच भीतीचं कारण होऊ नयेत. हे विष, ते विष, लग्नात जेवायचं नाही, बाहेर पाणी प्यायचं नाही, अशी यादी वाढत गेली की चिंतेनं फक्त जागा बदललेली असते.

एक धोकाही स्पष्टपणे लिहायला हवा. आहाराचा मार्ग लोकांना आवडतो, कारण त्यात मानसोपचाराचं नाव निघत नाही. लग्नाची मुलगी आहे, कंपनीत कळेल, लोक काय म्हणतील, या भीतीनं माणसं वर्षानुवर्षं पथ्यावर काढतात. बंगळुरूच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. त्या पाहणीतल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी आपल्याकडचं चित्र फार निराळं असेल असं मला वाटत नाही. चिंताविकारावर चांगले उपचार आहेत. विचारांच्या सवयी बदलणारी मानसोपचार पद्धत आहे, औषधं आहेत, आणि दोन्हींचा पुरावा आहारापेक्षा कितीतरी भक्कम आहे. डॉक्टरनं दिलेली गोळी पथ्य सुरू केलं म्हणून कुणी स्वतःहून बंद करू नये. काही औषधं एकदम थांबवली तर त्रास उलट वाढतो.

वाचकांना माझी विनंती आहे की ही पुस्तिका स्वयंपाकघरात नेण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर. थायरॉइड वाढलेलं असलं तरी हुबेहूब चिंतेसारखी लक्षणं दिसतात, आणि त्यावर कुठलंही पथ्य चालत नाही. छातीत दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, तर आधी हृदय तपासा. काही कमी निघालं तर ते भरा. काही निघालं नाही तर जेवणाच्या वेळा सावरा, दुपारनंतरचा चहा सोडा आणि महिनाभर वाट पाहा. तरीही घालमेल रोजच्या कामात आड येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. औंधचं जिल्हा रुग्णालय सांगवी फाट्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. आणि तिथवर जायचा धीर होत नसेल, तर केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.